चार पार्ट्या आणि एक शुक्रवार

ताई, नमस्कार.
मी 31 वर्षांचा आहे, फोंड्याजवळ राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून पणजीला एका आर्किटेक्टकडे सहा वर्षं ड्राफ्ट्समन होतो. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता घरूनच ड्रॉइंग आणि थ्रीडी व्ह्यूज करून देतो. चार ठिकाणची कामं आहेत. पर्वरीचे एक आर्किटेक्ट, त्यांची सबमिशन (परवानगीसाठी द्यायची) ड्रॉइंग. आसगावला व्हिला सजवणाऱ्या दिल्लीच्या एक मॅडम, त्यांचे रेंडर, म्हणजे फोटोसारखी थ्रीडी चित्रं. पुण्याची एक फर्म, तिची वर्किंग (साइटवर बांधकामासाठीची) ड्रॉइंग. ते टीडीएस कापून दर महिन्याला वेळेवर पैसे पाठवतात. आणि शिरोड्याचे एक कंत्राटदार, मामांच्या ओळखीचे. त्यांनी पाच महिने एक पैसा दिलेला नाही, पण मामांमुळे काही बोलता येत नाही.
प्रत्येकाला वाटतं मी फक्त त्यांचंच काम करतो. मीही तसंच भासवतो. गेल्या महिन्यात पर्वरी आणि आसगाव दोघांचीही तारीख एकाच शुक्रवारी आली. दोन रात्री जागलो आणि पहाटे पर्वरीच्या बंगल्याचा प्लॅन मॅडमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. लगेच डिलीट केला, पण तोवर निळ्या खुणा आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो. एखादं काम सोडू का? सगळ्यांना एकमेकांबद्दल सांगून टाकू का? आई म्हणते, सरकारी भरतीचा फॉर्म भर आणि मोकळा हो.
— रा., फोंडा तालुका

प्रिय रा.,

आधी तो प्लॅन. बाकीचं सगळं आणखी महिनाभर थांबू शकतं, हे नाही.

पर्वरीच्या आर्किटेक्टना फोन कर. मेसेज नको, फोनच. सांग की सर, गेल्या महिन्यात तुमच्या अमुक बंगल्याचा प्लॅन माझ्याकडून चुकून दुसऱ्या एका पार्टीला गेला, लगेच काढला, पण तोवर त्यांनी मेसेज पाहिला होता. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगतोय. इतकंच. दोन रात्री जागलो होतो हे सांगू नकोस. त्यांना ते कारण वाटणार नाही, उलट आपली ड्रॉइंग असल्या डोक्याने होतात एवढंच कळेल. मॅडमनाही दोन ओळी लिही: ती फाइल फोनमध्ये उतरली असेल तर कृपया काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज पुसला म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये उतरलेली पीडीएफ पुसली जाते असं नाही.

आर्किटेक्ट चिडतील. कदाचित एखादं काम कमीही देतील. ते सोसायचं. गोवा केवढासा आहे ते तुला सांगायला नको. तोच स्ट्रक्चरल इंजिनियर, तोच टाइलवाला, नगरनियोजन खात्यातली तीच बाकडी. ही गोष्ट त्यांना तुझ्याऐवजी म्हापशाच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात समजली, तर मग प्रश्न एका पीडीएफचा राहणार नाही.

आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून मन लावून काम करायचं वगैरे ठरवू नकोस, ते पहाटे तीनला टिकत नाही. फाइलचं नावच असं ठेव की चूक डोळ्याला खुपेल: पार्टीचं आखूड नाव, कामाचं नाव, तारीख, रिव्हिजन क्रमांक. ‘फायनल’, ‘फायनल2’, ‘फायनल_नवीन’ हा प्रकार बंद. प्रत्येक पार्टीची टेम्प्लेट फाइल वेगळी. जुन्या कामाची फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं काम सुरू करायची सवय तुमच्या धंद्यात सर्रास असते, आणि मग एकाच्या टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या नावाच्या चौकटीत) दुसऱ्याचं नाव, नाहीतर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये तिसऱ्याच्या प्रोजेक्टचं नाव उरतं. ड्रॉइंग ईमेलनेच पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘मेल केलाय’. रात्री दहानंतर काहीच पाठवायचं नाही. तयार झालं तरी नाही, सकाळी चहा घेऊन एकदा उघडून बघ आणि मग पाठव.

आता तुझा दुसरा प्रश्न, एकमेकांबद्दल सांगू का. नावं सांगायची गरज नाही, सांगूही नयेत. पण मी फक्त तुमचाच, हे नाटक आजपासून बंद. खरं सांगू? त्यांच्यापैकी कुणालाही ते खरं वाटत नसेल. एकाच्या कामावर घर चालत नाही हे चौघांनाही कळतं, त्यातला प्रत्येकजण स्वतः पाच-सहा कामं एका वेळी ओढत असतो. या लपवाछपवीत अडकतोस तो तूच. दुसरं काम आहे असं म्हणता येत नाही, म्हणून ‘होतंय सर’, ‘लाइट गेली होती मॅडम’, ‘थोडं राहिलंय’ असं म्हणत बसतोस आणि मग ते थोडं रात्री जागून पुरं करतोस. ‘माझ्याकडे आणखी तीन कामं आहेत, तुमचं गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत देतो’ हे वाक्य आरशासमोर दहादा म्हण हवं तर. त्यात उद्धटपणा नाही. ऐकणाऱ्याला त्यात एक तारीख मिळते, आणि त्याला तेवढीच हवी असते.

त्यांच्यापैकी कुणी कागदावर सही घेतली असेल तर मात्र तो कागद काढून वाच. काम चालू असताना इतरांचं काम करणार नाही असं तू लिहून दिलं असशील तर तो शब्द बांधतो. काम सुटल्यावरही दुसऱ्या कुणाकडे करायचं नाही, अशी अट मात्र भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही; पोटापाण्याचा धंदा करायला अडवणारा करार त्या कलमाने रद्दबातल ठरतो. गुप्ततेची अट वेगळी, ती काम संपल्यावरही पाळायची. एकाच्या जिन्याचं डिटेल दुसऱ्याच्या शीटमध्ये चिकटवायचं नाही. दारं-खिडक्यांचे, फर्निचरचे ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं) स्वतः वेगळे काढून ठेव, ते तुझे. आणि कधी दोघांची कामं एकाच वाड्यावर (वस्तीत), शेजारच्याच प्लॉटवर आली तर दुसऱ्याला सरळ सांग, हे मला जमणार नाही. आज ना उद्या असं होणारच. आसगावात काय प्रमाणात व्हिला उठतायत ते तू रोज बघतोस.

पण तुझ्या त्या शुक्रवाराचं मूळ यात नाही. पत्र मी दोनदा वाचलं. ‘दोघांचीही तारीख एकाच शुक्रवारी आली’ असं तू लिहितोस. आली म्हणजे कशी आली? त्यांनी सांगितली आणि तू हो म्हटलंस. नोकरीत साहेब तारीख सांगायचे, एक साहेब होता, चालून जायचं. आता चार साहेब केलेस. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तू चार घरी जेवायला बसलायस. नोकरी सोडली तरी तारीख ठरवायचा हक्क तू हातात घेतलेलाच नाहीस, आणि माझ्या मते तुझं सगळं दुखणं एवढंच आहे. कामं चार आहेत हे नाही. चार कामं नीट पेलणारे लोक आहेत, आणि एका कामात दमणारेही.

यावर माझा उपाय फार आधुनिक नाही. भिंतीवरचं कालनिर्णय घे. प्रत्येक दिवसाचे दोन भाग कर, जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा. एका भागात एकच पार्टी. दिवसात दोनपेक्षा जास्त पार्ट्या नाहीत, कारण पर्वरीच्या सेटबॅकच्या (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेच्या) आकड्यातून आसगावच्या सोफ्याच्या कापडात शिरायला डोक्याला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाच्याच बिलात येत नाही. आठवड्यातला एक भाग कोरा ठेवायचा. लाइट जाईल, आर्किटेक्टची पार्टी रविवारी घरी बसून खोल्या बदलेल, कुणाचं तरी बारसं निघेल. त्याला तो भाग. तारीख विचारायला फोन आला की फोनवर हो म्हणायचं नाही. ‘कॅलेंडर बघून तासाभरात सांगतो.’ मग खरंच बघ, आणि तुला वाटतं त्यापेक्षा एक दिवस पुढची तारीख दे. आर्किटेक्टकडून सबमिशन कधी आहे ते विचारून घे. तू देतोस ती तारीख त्याच्या किमान दोन दिवस आधीची असावी, कारण त्यांना सह्या करायच्या असतात, प्रती काढायच्या असतात, आणि ऐन वेळी त्यांना एखादी चूक सापडतेच.

रेंडरचं एक वेगळं सांगते. रेंडर लावलं की मशीन अडकतं आणि त्याच मशीनवर पुण्याचं कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की दोन्ही रखडतात. तुझ्या दोन रात्रींपैकी बराच वेळ पडद्यावरची टक्केवारी बघण्यात गेला असेल असा माझा अंदाज आहे. कॅडला भारी मशीन लागत नाही. एखादा जुना, बरा लॅपटॉप घे आणि ती कामं त्याच्यावर कर. रेंडर रात्री लावून झोपायचं. फोंड्याच्या पावसाळ्यात यूपीएस-इन्व्हर्टरशिवाय हे करू नकोस. आणि तुझं मशीन रात्रभर चालतं त्याचे पैसे मॅडमच्या दरात धर, तू झोपला असलास तरी.

मॅडमबद्दल बोलायचं तर पैसे बरे देत असाव्यात, नाहीतर तू त्यांच्यासाठी जागला नसतास. त्यांना आधीच लिहून सांग: एका व्ह्यूला दोन फेऱ्या बदल दरात, तिसऱ्यापासून तासाचे पैसे. रंग बदलणं हा बदल, भिंत हलवणं हे नवीन काम. उद्याच हवं असेल तर दर दीडपट, आणि तेही कॅलेंडरवर जागा असली तरच. साइटवर बोलावलं तर अर्ध्या दिवसाचे पैसे. फोंड्याहून आसगाव म्हणजे पणजी, पर्वरी, म्हापसा ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं, त्यात पर्वरीची कोंडी, दुपार गेलीच. दिल्लीच्या माणसाला हे अंतर नकाशावर चिमूटभर दिसतं, त्यात तिचा दोष नाही. तू सांगितलंच नाहीस तर तिला कळणार कसं?

तसंच चवथीचं, म्हणजे गणपतीचं. मूळ घरी जायचं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधायची, पाच दिवस (तुमच्याकडे दीड असेल तर दीड) घर माणसांनी भरलेलं, आणि आतल्या गावात रेंज मिळाली तर मिळाली. पुण्याच्या फर्मला गणपती समजतो, पण त्यांची सुट्टी एक-दोन दिवसांची. दिल्लीत त्याची कल्पनाही नसते. महिनाभर आधी सगळ्यांना एकच मेल: अमुक ते अमुक तारखेपर्यंत मी नाही, त्याआधीचं काम या तारखेपर्यंत माझ्याकडे पोचवा. मग वर्षाचाच अंदाज घे. पावसाच्या आत स्लॅब उरकायची म्हणून एप्रिल-मेमध्ये साइटवाल्यांची घाई. पाऊस लागला की साइट मंदावतात आणि कागदावरची कामं वाढतात. चवथ झाली की व्हिलावाले जागे होतात, त्यांना डिसेंबरच्या पाहुण्यांआधी सगळं तयार हवं असतं. पुण्याला मार्चअखेर. चौघांची घाई एकाच महिन्यात पडत नाही, हे तुझं नशीब. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आसगावला जास्त भाग दे आणि पर्वरीला तसं ऑगस्टमध्येच सांगून ठेव.

आता शिरोडा. यावर जरा थांबते, कारण एखादं काम सोडू का हा प्रश्न तू विचारलास तेव्हा तुझ्या मनात हेच काम असणार, फक्त नाव घ्यायचा धीर झाला नाही.

तुझ्या पत्रात ‘पैसा दिलेला नाही’ असं आहे, ‘बिल दिलं’ असं कुठेच नाही. खरं सांग, बिल पाठवलंस का? ओळखीच्या माणसाला बिल कसं द्यायचं म्हणून पुष्कळजण तोंडी आकडा सांगतात, समोरचा मान डोलावतो, आणि त्या मान डोलावण्यावर पाच महिने जातात. आज रात्री बस आणि एक कागद कर: कुठल्या कामाची किती शीट, कुठल्या तारखेला दिली, दर किती, एकूण किती, बँकेचा तपशील. त्यांना मेल कर आणि छापील प्रत स्वतः जाऊन दे. जाण्याआधी मामांना भेट. तक्रार म्हणून नव्हे. ‘मामा, तुम्ही ओळख करून दिलीत म्हणून आधी तुमच्या कानावर घालतो. उद्या त्यांना बिल देणार आहे. तुम्ही मध्ये काही बोलू नका, आमचं आम्ही बघतो.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मामा मध्ये पडले की ते पैसे उरत नाहीत, भीड होते. कंत्राटदार मामांना चहा पाजेल आणि मामा तुला म्हणतील, देणार आहे रे तो, जरा धीर धर.

पुढचं ड्रॉइंग मागितलं तर: निम्मी बाकी आली की सुरू करतो, उरलेली आली की शीट देतो. हे हसून सांगता येतं. त्यांचा चेहरा पडला तर पडू दे. त्यांचा सिमेंटवाला पाच महिने थांबतो का ते मनात विचार.

कायद्याचंही माहीत असू दे, वापरायचं की नाही ते पुढचं पुढे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 प्रमाणे नोंदणी असलेल्या लहान सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्यात परिषद असते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून असे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येतो. कंत्राटदाराच्या सीएला हे पाठ असतं, आणि कधीकधी नुसत्या बिलाखाली उद्यम क्रमांक (या कायद्याखालच्या नोंदणीचा) छापलेला दिसला तरी पैसे हलतात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस. मात्र नोंदणीआधी केलेल्या कामाला या कायद्याचा आधार मिळेल असं धरून चालू नकोस. शिरोड्याचे जुने पैसे बोलूनच काढावे लागतील. नोंदणी पुढच्यांसाठी.

सोडायचं कुठलं, ते मी इथून सांगणार नाही. पण एक महिना वहीत तास लिही, पार्टीप्रमाणे. फोनवर गेलेले, बदलात गेलेले, रस्त्यात गेलेले, सगळे. महिन्याच्या शेवटी आलेल्या पैशांना त्या तासांनी भाग. आकडा बघून तुलाच हसू येईल किंवा रडू. शिरोड्याचा आकडा आज शून्य आहे हे तर वही न उघडताच कळतं. पुण्याची फर्म सगळ्यात कंटाळवाणी वाटत असेल, तीच सगळ्यात चांगली निघाली तर नवल मानू नकोस. पण तुझ्या कमाईचा अर्ध्याहून जास्त भाग तिच्याकडूनच येत असेल तर सावध. तिने उद्या ऑफिसातच माणूस नेमला तर तू बसलास.

त्या फर्मचा टीडीएस तुझ्या पॅनवर जमा होतोय का ते आयकर पोर्टलवरच्या टीडीएसच्या नोंदीत बघ. काम व्यावसायिक सेवेत धरलं तर 10 टक्के, तांत्रिक सेवेत धरलं तर 2. विवरणपत्र भरलंस तर जास्त कापलेले परत मिळतात, नाही भरलंस तर तिथेच राहतात. जीएसटीचं कुणीतरी भरवून देईल की राज्याबाहेरची पार्टी म्हणजे नोंदणी हवीच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेरच्या कामासाठीही सक्ती नाही. एकदा एखाद्या सीएला तासाभराचे पैसे देऊन हे सगळं समजून घे. आणि येणाऱ्या प्रत्येक रकमेतला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाक. कराला लागेल तो लागेल, उरलेल्यावर मंदीचे महिने निघतील. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असला की नाही म्हणायचा आवाज आपोआप फुटतो. नसला की शिरोड्यालाही हो म्हणावंसं वाटतं.

घरच्यांना तुझं कॅलेंडर दिसेल अशा जागी लाव. घरी असतोस म्हणजे मोकळा असतोस, हा समज फक्त क्लायंटचा नसतो. गॅसचा नंबर लावणं, मावशीला तिस्कच्या नाक्यावर सोडणं, इन्व्हर्टरला पाणी घालणं, हे तुझ्याच वाट्याला येत असणार. ते कर, पण कोऱ्या भागात.

राहिला आईचा फॉर्म. आपल्याकडे सरकारी नोकरीची ओढ काय असते ते मला माहीत आहे, आणि आईला मी हसणार नाही. तिला महिन्याची एक तारीख कळते, तुझ्या चार पार्ट्या कळत नाहीत. भर फॉर्म. ड्राफ्ट्समनच्या जागा निघतात, तुझा अनुभवही आहे. निवड झाली तर तेव्हा वही उघडून दोन्ही आकडे शेजारी मांड आणि शांतपणे ठरव. तोवर परीक्षेची तारीख लागली की ती कॅलेंडरवर आधी लिही, आदल्या दिवसाचे दोन्ही भाग खोड, आणि त्या आठवड्यात मॅडमना एकही व्ह्यू कबूल करू नकोस.